साडेबासष्ट ग्रॅमच्या पलीकडे

अमेरिकेत हौसेने रॉकेट उडवणाऱ्यांवर काही वर्षं एका आकड्याचं राज्य होतं: ६२.५ ग्रॅम. मोटरमध्ये याहून जास्त इंधन असलं की केंद्र सरकारच्या लेखी ती स्फोटक वस्तू व्हायची. मग ती विकत घ्यायला, बाळगायला, गाडीत घालून मैदानावर न्यायला एटीएफचा परवाना लागायचा. एटीएफ ही मद्य, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकं यांच्यावर देखरेख करणारी केंद्रीय यंत्रणा. साडेबासष्टच्या अलीकडे राहायचं की परवाना काढून पलीकडे जायचं, हा प्रश्न २००३ नंतर आमच्यातल्या प्रत्येकासमोर उभा राहिला. माझ्यासमोर तो जरा वेगळ्या वाटेने आला. हल्ली इथल्या विद्यापीठांच्या रॉकेट संघांमध्ये मराठी मुलंमुली दिसतात आणि त्यांना यातले काही प्रश्न अजूनही पडतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात विमानांच्या सांगाड्यांचं स्ट्रेस अ‍ॅनालिसिस करते. विचिटा हे विमानांचंच गाव. सेस्ना आणि बीचक्राफ्ट इथल्याच. ज्या भारांची गणितं दिवसभर स्क्रीनवर करायची, ते भार आपण स्वतः चिकटवलेल्या फायबरग्लासच्या नळीवर आणि पंखांवर पडताना बघायचे, या ओढीने मी रॉकेटकडे वळले. शहराच्या नैर्ऋत्येला अर्गोनिया नावाचं चिमुकलं गाव आहे. त्याच्या जवळच्या कुरणात आमची उड्डाणं होतात, आणि सगळे त्या जागेला ‘रॉकेट पाश्चर’ म्हणतात. याच अर्गोनियाने १८८७ साली सुझॅना सॉल्टर यांना महापौर म्हणून निवडून दिलं होतं. अमेरिकेतल्या त्या पहिल्या स्त्री महापौर. मैदानावर मोटर जोडायला बसलेल्या बायका तेव्हा फारच थोड्या असायच्या, त्यामुळे या गावाबद्दल मला पहिल्यापासून आपलेपणा वाटत आला.

मोटरींचा हिशेब अक्षरांनी चालतो. अक्षर एक घर पुढे सरकलं की एकूण आवेगाची, म्हणजे मोटरचा जोर गुणिले तो जितका वेळ टिकतो त्याची, मर्यादा दुप्पट होते. जी वर्ग १६० न्यूटन-सेकंदांपर्यंत, एच ३२० पर्यंत, आय ६४० पर्यंत, जे १२८० पर्यंत, आणि असंच पुढे. एचपासून ‘हाय पॉवर’ सुरू होतं आणि तिथून प्रमाणपत्र लागतं. ते सरकार देत नाही. १९५७ साली स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि तिच्यासारखीच ट्रिपोली रॉकेट्री असोसिएशन या हौशी लोकांच्याच संस्था ते देतात. लेव्हल १ ला एच आणि आय, लेव्हल २ ला लेखी परीक्षा देऊन जे, के, एल, आणि लेव्हल ३ ला एम आणि त्यापुढचं. प्रत्येक पायरीवर जाणकार सभासदांच्या डोळ्यांसमोर रॉकेट उडवून, ते सुखरूप परत आणून दाखवायचं.

लेव्हल १ मी २००२ मध्येच केली होती. पुढच्या वर्षी लेव्हल २ करायची असं ठरलेलं असताना कायदा बदलला.

२००२च्या नोव्हेंबरमध्ये होमलँड सिक्युरिटीच्या कायद्याबरोबर ‘सेफ एक्सप्लोझिव्ह्ज अ‍ॅक्ट’ मंजूर झाला आणि त्यातल्या परवान्याच्या तरतुदी २४ मे २००३ पासून लागू झाल्या. त्याआधी आपल्याच राज्यातल्या विक्रेत्याकडून मोटर घ्यायची असेल तर एक फॉर्म भरून भागायचं. परवाना लागायचा तो राज्याबाहेरून माल आणायला. आता सरसकट सगळ्यांना परवाना सक्तीचा झाला, बोटांच्या ठशांसकट आणि पार्श्वभूमीच्या तपासणीसकट. शिवाय स्फोटकं ज्यांना बाळगताच येणार नाहीत अशा लोकांची यादी वाढली. त्या यादीत कायमचं वास्तव्य नसलेले परदेशी नागरिक होते, आणि मी तेव्हा एच-१बी व्हिसावर होते.

म्हणजे बाकीच्यांना परवाना काढायचा की नाही हे ठरवायचं होतं आणि मला ठरवायलाही मुभा नव्हती. क्लबातल्या कुणाच्या परवान्यावर त्यांची मदतनीस म्हणूनही मला मोठी मोटर हातात घेता येत नव्हती, कारण परवानाधारकाच्या हाताखाली स्फोटकं हाताळणाऱ्यालाही हीच यादी लागू होते. दिवसभर विमानाच्या पंखाच्या मुळाशी येणारा भार तपासून सही करणारी मी, आणि मैदानावर मात्र टेबलाच्या पलीकडे उभी. कायद्याचा हेतू मला कळत होता. ११ सप्टेंबरला दोन वर्षंही झाली नव्हती. पण माझ्याबद्दल काहीही न तपासता केवळ व्हिसाच्या प्रकारावरून मला बाजूला काढलं होतं, हे मला लागलं आणि आजही ते मला रास्त वाटत नाही.

२००४ मध्ये ग्रीन कार्ड हाती आलं आणि माझं नाव त्या यादीतून आपोआप बाहेर पडलं. तोवर मैदानावर दीड वर्ष जी चर्चा चालली होती तिच्यात मी आता स्वतःच्या निर्णयासाठी शिरले.

तिथे तऱ्हेतऱ्हेची माणसं होती. काहींनी ठरवून टाकलं होतं की ‘जी’ वर्गाच्या मोटरींवर समाधान मानायचं. एच आणि आय वर्गातली काही रीलोड किटं, म्हणजे तीच मोटर पुन्हा भरायचे संच, अशी असायची की इंधनाची प्रत्येक कांडी साडेबासष्ट ग्रॅमच्या आत असे. पण मोजायची ती सुटी कांडी की जोडून तयार झालेली मोटर, यावरच वाद होता, त्यामुळे त्या वाटेवर पायाखालची जमीन पक्की नव्हती. काही जण हायब्रिडकडे वळले. हायब्रिडमध्ये नायट्रस ऑक्साइड वायू आणि प्लास्टिकसारखं घन इंधन वेगवेगळं असतं, त्यामुळे त्याला स्फोटकांचा नियम लागत नव्हता. पण सिलिंडर, नळ्या, व्हॉल्व्ह असा मैदानावरचा पसारा मोठा होता. काहींनी छंदच सोडला. त्यांची रिकामी झालेली टेबलं मला अजून आठवतात; त्यात चांगले कारागीर होते.

आणि एक गट तत्त्वाने नाही म्हणणाऱ्यांचा होता. फेब्रुवारी २००० मध्येच ट्रिपोली आणि नॅशनल असोसिएशन या दोन्ही संस्थांनी मिळून एटीएफवर वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात खटला भरला होता. आमचं इंधन स्फोटकांच्या यादीत घालणं चूक आहे, हे त्यांचं म्हणणं. या गटातल्यांचा युक्तिवाद असा की एकीकडे न्यायालयात ‘हे स्फोटक नाही’ म्हणायचं आणि दुसरीकडे स्फोटकांच्या परवान्यासाठी रांगेत उभं राहायचं, तर आपण आपलीच बाजू पाडतो. आमच्या क्लबातले एक ज्येष्ठ सदस्य, निवृत्त मशिनिस्ट, ज्यांच्याकडून मी नोझल (मोटरचं वायू बाहेर सोडणारं तोंड) आणि ओ-रिंग (सांधे बंद करणारी रबरी कडी) यांबद्दल सगळं शिकले, ते नेमके उलट मताचे होते. त्यांचं शेत होतं, शेतावर नियमाप्रमाणे बांधलेलं मॅगझिन, म्हणजे स्फोटकं ठेवायची कुलूपबंद जागा, होतं, आणि परवाना त्यांनी केव्हाच काढला होता. ते म्हणायचे, “कायदा चुकीचा असेल तर तो न्यायालयात बदलून घ्या. तोवर तो पाळा, आणि उडवत राहा. उडवणारे उरलेच नाहीत तर खटला जिंकून कुणासाठी?”

मला त्यांचं पटलं. मी परवान्याचा विचारही सुरू केला आणि खटल्याच्या निधीला वर्गणीही पाठवली. यात विसंगती आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. नियम पाळणाऱ्या माणसानेच तो नियम चुकीचा आहे असं म्हटलं तर त्या म्हणण्याला वजन येतं.

खटल्यात आमची बाजू खरी होती असं मी म्हणते ते कशाच्या आधारावर, हेही सांगायला हवं. आमच्या मोटरींतलं इंधन म्हणजे अमोनियम परक्लोरेटचं कंपोझिट. अमोनियम परक्लोरेट हा ऑक्सिडायझर, म्हणजे जळायला ऑक्सिजन पुरवणारा, सोबत बहुधा अ‍ॅल्युमिनियमची किंवा दुसऱ्या धातूची पूड, आणि हे सगळं धरून ठेवायला रबर. स्पेस शटलच्या दोन्ही बाजूंच्या बूस्टरमध्ये याच कुळातलं इंधन होतं. हाताला ते खोडरबरासारखं लागतं. उघड्यावर पेटवलं तर फुलबाजीच्या झगझगाटाने जळत राहतं, त्याचा स्फोट होत नाही. त्याला जोर येतो तो केसिंगमध्ये, म्हणजे मोटरच्या बाहेरच्या नळीत, कोंडल्यावर, दाब वाढल्यावर, आणि तेव्हाही त्याचा जळण्याचा वेग सेकंदाला मिलिमीटरांत मोजतात. बंदुकीच्या दारूची गोष्ट वेगळी. ती ठिणगीने भडकते, आणि पॅराशूट बाहेर ढकलायला आम्ही तिचे दोन-तीन ग्रॅम वापरतो तेव्हाही तिच्याशी जपूनच वागावं लागतं. या दोघांना एका यादीत, एकाच ओळीत बसवणं कुठल्याही इंजिनिअरला पटणारं नव्हतं.

पण पटत नाही म्हणून प्रश्न सुटत नव्हता. घरी बोलणं भाग होतं.

भारतात बाबांना फोनवर सांगितलं तर ते आधी गप्पच झाले. मग म्हणाले, “अगं, परक्या देशात जाऊन स्फोटकांचं लायसन्स? आपलं नाव बघून विमानतळावर बाजूला उभं करतात म्हणतेस ना? मग आपणहून त्यांच्या वहीत कशाला नाव घालतेस?” हा नुसता बापाचा काळजीचा सूर म्हणून बाजूला सारता येईना. तोच विचार माझ्याही मनात होता. पुढे नागरिकत्वाचा अर्ज करायचा होता. त्या काळात आपल्या वर्णाच्या माणसाच्या फाइलमध्ये ‘स्फोटकं’ हा शब्द असणं कसं वाचलं जाईल, याची भीती खरी होती आणि ती माझ्या ओळखीच्या गोऱ्या सदस्यांना समजावून सांगावी लागत होती. ग्रीन कार्डाचं काम पाहिलेल्या वकिलांना मी विचारलं. त्यांनी सांगितलं की रीतसर काढलेला परवाना ही लपवायची गोष्ट नाही, विचारलं तर सरळ सांगायची. नडतो तो परवान्याशिवाय बाळगलेला माल. मग मी उलटा विचार केला. ठसे, फोटो, तपासणी हे सगळं होऊन सरकारने स्वतःच ‘हिला हरकत नाही’ असं लिहून दिलं, तर तो कागद माझ्या विरुद्ध कसा जाईल? बाबांना हे पटलं की नाही माहीत नाही, पण त्यांनी पुन्हा अडवलं नाही.

नवऱ्याची हरकत वेगळीच होती आणि ती जास्त मोलाची ठरली. तो म्हणाला, “अगं, परवान्याचं मला काही नाही. माल ठेवणार कुठे ते सांग. आपल्या गॅरेजमध्ये नाही.”

सगळा निर्णय खरं तर इथेच आहे, आणि मैदानावरच्या चर्चेत हाच भाग सगळ्यात कमी बोलला जायचा. लोक शुल्काबद्दल बोलायचे. ते काही फार नव्हतं: तीन वर्षांच्या परवान्याला १०० डॉलर, नूतनीकरणाला ५०. पंचवीस डॉलरचा एक मर्यादित परवानाही होता, पण तो एका वर्षाचा, त्यात सहाच वेळा खरेदी, आणि तीही आपल्या राज्यातल्याच विक्रेत्याकडून. आमच्या मैदानावर माल घेऊन येणारे विक्रेते बरेचदा दुसऱ्या राज्यातले असायचे, त्यामुळे तो माझ्या कामाचा नव्हता. अवघड होतं ते साठवण.

एटीएफच्या नियमांचं पुस्तक मी मागवून घेतलं आणि साठवणाचं प्रकरण पेन्सिल घेऊन वाचलं. आमच्या मोटरी ‘लो एक्सप्लोझिव्ह’ या गटात धरलेल्या, त्यांना चौथ्या प्रकारचं मॅगझिन लागतं. ते आगीला आणि चोरीला दाद न देणारं हवं. उघड्यावर असेल तर कुलपांवर पोलादी झाकणं हवीत, म्हणजे करवत लावता येणार नाही. राहत्या घरात ते ठेवता येत नाही. इमारतीच्या आत ५० पौंडांहून जास्त माल ठेवता येत नाही. बाहेर ठेवलेलं असेल तर हजार पौंडांपर्यंतच्या मालालाही माणसं राहतात अशा इमारतीपासून ७५ फूट अंतर हवं. पन्नास फुटांच्या आत विडी-सिगारेट नाही, उघडी ज्योत नाही. दर सात दिवसांनी मॅगझिन तपासायचं. काय आलं, काय गेलं, काय उरलं याची नोंद पुढचा कामाचा दिवस संपायच्या आत, आणि त्या नोंदी पाच वर्षं जपायच्या. चोरी झाली तर २४ तासांत कळवायचं. मॅगझिन आहे हे अग्निशमन खात्याला आधी तोंडी आणि मग लेखी कळवायचं, म्हणजे आग लागली तर आत शिरणाऱ्या जवानांना समोर काय आहे ते माहीत असेल.

ही यादी वाचून मला राग येईल असं वाटलं होतं. तसा तो आला नाही. जवानांना कळवायचा नियम वाचून तर मी थांबलेच. आमचं इंधन यादीत घालणं चूक, हे माझं मत पक्कं होतं, पण किलोभर ऑक्सिडायझर घरात ठेवलेल्या माणसाने शेजाऱ्याच्या मुलांचा आणि आग विझवायला येणाऱ्याचा विचार करावा, यात काय चूक होतं? आमच्या घराला लागूनच गॅरेज, गॅरेजच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर, आणि दोन्ही बाजूंना शेजार. घराला जोडलेल्या गॅरेजसाठी खास सवलत मागता येते आणि काहींना ती मिळालेलीही होती. मी मागितली नाही. नवऱ्याचं म्हणणं नियमाशी जुळत होतं आणि माझ्या बुद्धीशीही.

मग ठरलं ते असं. मोटर शक्यतो मैदानावरच विकत घ्यायची आणि त्याच दिवशी जाळायची. वाऱ्याने किंवा पावसाने उड्डाणं बंद झाली आणि मोटर उरली, तर ती त्या ज्येष्ठ सदस्यांच्या शेतावरच्या मॅगझिनमध्ये जाईल. त्यांनी तसं लेखी पत्र दिलं. पत्रात मॅगझिनचा प्रकार, जागा आणि त्यांचा परवाना क्रमांक. मैदानावर दिवसभरासाठी आतून प्लायवूड लावलेली पोलादी पेटी, जिला सगळे ‘डे-बॉक्स’ म्हणतात, तीही नजरेआड होऊ द्यायची नाही.

यापुढचं काम कागदांचं होतं आणि ते वाटलं होतं तितकं अवघड नव्हतं. अर्जाचा फॉर्म, फोटो, ठशांची कार्डं. ठसे द्यायला शेरीफच्या कार्यालयात गेले तेव्हा खिडकीतल्या बाईंनी कारण विचारलं आणि मी ‘स्फोटकांचा परवाना’ असं स्वच्छ सांगितलं. त्या क्षणी मागे रांगेत उभ्या असलेल्यांच्या नजरा मला जाणवल्या. पण बाईंनी फक्त फॉर्मवर ते लिहून घेतलं आणि माझी बोटं एकेक करून शांतपणे फिरवली. अर्जाची प्रत स्थानिक पोलीसप्रमुखालाही जाते. राज्याचे आणि गावाचे स्फोटकांविषयीचे नियम आपल्याला माहीत आहेत असं सहीनिशी लिहून द्यावं लागतं, तेव्हा ते नियमही आधी वाचून ठेवावेत. अर्ज पूर्ण भरलेला असेल तर एटीएफने ९० दिवसांत निर्णय द्यायचा असं कायदा सांगतो, आणि माझा निर्णय मुदतीत आला.

त्याआधी एटीएफचे निरीक्षक घरी आले. मी दोन दिवस आधीपासून कागद लावून ठेवले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी सगळं वाचलं. ग्रीन कार्ड पाहिलं, त्याची नोंद केली, त्यावर एकही वाकडा प्रश्न विचारला नाही. रॉकेट पाहायला मागितलं आणि पंख नळीला आतून कसे जोडलेत ते नीट निरखून पाहिलं. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मी आता नव्या प्रत्येकाला आधी विचारते: “संध्याकाळी पाच वाजता पाऊस आला. मोटर तुमच्या हातात आहे. आता काय कराल?”

मी पत्र पुढे केलं. त्यांनी विचारलं, शेत किती दूर, रस्त्यात थांबणार का, ते गृहस्थ गावाला गेलेले असले तर किल्ली कुणाकडे. या शेवटच्या प्रश्नावर आम्ही बराच वेळ बोललो. ज्याच्या हाती किल्ली त्याच्या ताब्यात माल, असं कायदा मानतो, म्हणून किल्ली परवानगी नसलेल्या कुणाकडेही, घरच्या माणसाकडेसुद्धा, ठेवून चालत नाही. शेवटी असं ठरलं की ते गृहस्थ नसतील त्या शनिवार-रविवारी मी मोठी मोटर विकत घ्यायचीच नाही. निरीक्षकांनी ते लिहून घेतलं. पुढे शेतावर जाऊन त्यांनी मॅगझिनही पाहिलं. ज्यांना सरकारी माणूस दारात नको म्हणून परवाना नको वाटतो त्यांची भावना मी समजू शकते, कारण परवाना घेतला की तुमचा साठा आणि तुमच्या नोंदी कामाच्या वेळेत येऊन तपासायचा अधिकार त्यांना मिळतो, वॉरंटशिवाय. ती किंमत खरी आहे, आणि सही करण्याआधी ती ज्याची त्याने मोजायची. मी मोजली आणि दिली. मला आलेला माणूस सभ्य होता आणि काम जाणणारा होता, हे माझं नशीब असेल, पण ते सांगायलाच हवं.

परवाना आला. लेखी परीक्षा आधीच झाली होती. गव्हाची कापणी उरकल्यावर लागलेल्या उड्डाणांच्या दिवशी मी मैदानावरच्या विक्रेत्याकडून एरोटेकची जे३५० घेतली. विक्रेत्याने परवान्याची प्रत घेतली, त्यांच्या वहीत नोंद केली, मी माझ्या वहीत केली. ३८ मिलिमीटरच्या केसिंगमध्ये लायनर म्हणजे आतलं अस्तर, त्यात एकामागे एक इंधनाच्या कांड्या, ओ-रिंगना ग्रीस, पुढे डिले म्हणजे सावकाश जळणारी कांडी, मागे नोझल. ज्येष्ठ गृहस्थ शेजारी बसून पाहत होते. त्यांनी हात लावला नाही, फक्त एका ओ-रिंगकडे बोट दाखवून “पुन्हा बघ” म्हणाले. ती नीटच बसली होती, तरी मी काढून पुन्हा बसवली.

उड्डाणाचं काय सांगू! ‘जे’ वर्गासाठी माणसांनी उड्डाणाच्या पॅडपासून किमान १०० फूट दूर राहायचं असतं, आम्ही त्याहून बरेच मागे होतो. पांढरी ज्योत, पांढऱ्या धुराचा जाड दोर, आणि आवाज छातीत. सरळ वर जायला आधार देणारा दांडा, म्हणजे रेल, सोडताना रॉकेट जराही डगमगलं नाही. पंखांच्या मुळाशी मी काढलेला भार आणि तिथे दिलेली जाडी बरोबर होती, हे कुणी न सांगता कळत होतं. शिखरावर लहान पॅराशूट, खाली येताना अल्टिमीटरने, म्हणजे उंची मोजणाऱ्या यंत्राने, ठरलेल्या उंचीवर सोडलेलं मोठं पॅराशूट, आणि रॉकेट कापलेल्या गव्हाच्या खुंटांवर आडवं. एकही ओरखडा नाही. लेव्हल २ च्या फॉर्मवर सह्या झाल्या.

पुढची वर्षं मी परवान्यावर उडवत राहिले आणि खटल्याच्या बातम्या वाचत राहिले. फेब्रुवारी २००६ मध्ये अपील न्यायालयाने आमच्या बाजूने महत्त्वाचं म्हटलं: एखादा पदार्थ ‘डेफ्लॅग्रेट’ होतो, म्हणजे भडकून जळतो, हे एटीएफ नेमकं कशावरून ठरवते याचं समाधानकारक उत्तर तिने दिलेलं नाही. किती वेगाने जळलं म्हणजे स्फोटक, ती रेघ कुठे, आणि तीच का? प्रकरण पुन्हा खाली गेलं. १६ मार्च २००९ रोजी न्यायाधीश रेगी वॉल्टन यांनी अमोनियम परक्लोरेट कंपोझिटचं ते वर्गीकरण रद्द केलं. नऊ वर्षांनी. बातमी वाचून मी त्या ज्येष्ठ गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, “चला, आता उडवणारे उरलेत म्हणून जिंकल्याचा उपयोग.” मला तेव्हा छंद सोडून गेलेली माणसं आठवली. त्यातले काही परत आले, सगळे नाही.

त्यानंतर पुष्कळांनी परवाने सोडून दिले. मोटर घ्यायला तो लागत नव्हता, मग कशाला? माझी मुदत संपत आली तेव्हा मीही तोच हिशेब पुन्हा मांडला. रद्द झालं होतं ते फक्त इंधनाचं वर्गीकरण. पॅराशूट बाहेर ढकलायला लागणारी बंदुकीची दारू आणि तिला पेटवणारी ई-मॅच, म्हणजे विजेने पेटणारी काडी, या दोन्ही गोष्टी स्फोटकांच्या नियमाखालीच राहिल्या. जुन्या पद्धतीच्या बंदुकांसाठी दारूला सूट आहे खरी, पण रॉकेट म्हणजे बंदूक नव्हे. माझी रॉकेटं एव्हाना मोठी झाली होती. अशा रॉकेटांत प्रत्येक पॅराशूटला दोन स्वतंत्र अल्टिमीटर आणि दोन स्वतंत्र ई-मॅच लावतात, एक चुकला तर दुसरा. कायद्याचं इंधनावरचं बोट सुटलं असलं तरी माझ्या टेबलावरच्या दोन वस्तूंवर ते अजून होतं, आणि त्या बाबतीत ते बरोबर ठिकाणी होतं असं माझं मत आहे. मी नूतनीकरणाचे ५० डॉलर भरले. नागरिकत्वाचा अर्जही मधल्या काळात झाला; परवान्याचा विषय मुलाखतीत निघाला, मी सांगितलं, अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

अलीकडे शिकायला आलेला पुण्याचा एक मुलगा आमच्या मैदानावर येतो. विद्यापीठाच्या रॉकेट संघात आहे, हात चांगला आहे, गणितं त्याहून चांगली. त्याने विचारलं, “ताई, मी स्टुडंट व्हिसावर आहे. मला लेव्हल २ करता येईल ना?” मी त्याला समोर बसवून सगळं क्रमाने सांगितलं. ‘जे’ वर्गाची मोटर तो घेऊ शकतो, जोडू शकतो, उडवू शकतो. २००४ च्या आधी मला जे करता येत नव्हतं ते त्याला आता करता येतं. पण दारू आणि ई-मॅच यांच्यासाठी कायद्यातली ती जुनी यादी तशीच आहे आणि त्याचं नाव तिच्यात येतं. त्यामुळे त्याच्या रॉकेटची मोटर तो स्वतः जोडतो, आणि पॅराशूटची दारू मोजून भरायचं, ई-मॅच लावायचं काम मी करते, माझ्या परवान्यावर, माझ्या वहीत नोंद करून. पुढच्या उड्डाणांसाठी त्याने दोन अल्टिमीटरचा सांगाडा बनवायला घेतला आहे. त्यात दारूच्या कुप्या बाहेरून, सगळ्यात शेवटी बसवता येतील अशी रचना त्याची त्यानेच काढली आहे.